वाचक विचारतात: इंग्लंडच्या खेड्यात उभं कोण राहतंय?

मागच्या अंकात मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की २०२२ साली आमच्या गावात पॅरिश काउन्सिलची (इथली ग्रामपंचायतच म्हणा) निवडणूक झालीच नाही कारण सात जागांना पाचच अर्ज आले. झालं, त्या एका वाक्यावर इतके मेल आलेत की पुरणपोळीच्या लेखावरही आले नव्हते. नवीन वाचकांसाठी सांगते, मी नॉर्थ यॉर्कशरच्या डोंगराळ भागात, ज्याला इथे डेल्स म्हणतात तिथे, २००६ पासून राहते. गाव एवढंसं, एक पब, एक चर्च, एक हॉल आणि माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. २०१४ पासून गावच्या पॅरिश काउन्सिलवर आहे, कशी गेले ते पुढे येईलच. निवडलेले प्रश्न घेतेय, नावं काढून टाकली आहेत.

ताई नमस्कार, माझा मुलगा दीड वर्षापूर्वी नोकरीसाठी यॉर्कशरमधल्या एका खेड्यात गेला. पासपोर्ट अजून भारताचाच आहे. परवा त्याच्या घरी पोटनिवडणुकीचं पोल कार्ड आलं. चुकून आलंय का? मत दिलं तर आपलं नागरिकत्व जाईल का? आम्ही इथे नुसते काळजीत आहोत. (एक आई, नाशिक)

काकू, आधी पाणी प्या. चुकून आलेलं नाही. भारत कॉमनवेल्थमध्ये आहे आणि कॉमनवेल्थच्या नागरिकाला, तो तिथे कायदेशीर व्हिसावर राहत असेल आणि मतदार यादीत नाव असेल, तर ब्रिटनमध्ये मत देता येतं, नुसतं गावच्या काउन्सिलचं नाही तर पार्लमेंटचंही. अमेरिकन माणूस वीस वर्षं राहिला तरी त्याला हे मिळत नाही, आणि आपला पोरगा विमानातून उतरून पत्ता नोंदवला की मतदार, गंमतच आहे. (उलटं मात्र नाही हं, नाशकात राहणाऱ्या इंग्रजाला आपल्या महापालिकेला मत देता येत नाही.) मत दिल्याने भारताचं नागरिकत्व जात नाही, ते जातं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं तर. आणि व्हिसावर शेरा वगैरे काही नाही, तो त्याचा हक्कच आहे.

त्याला फक्त एक सांगा, २०२३ च्या मे पासून इंग्लंडमध्ये मतदान केंद्रावर फोटो ओळखपत्र लागतं, आणि पोल कार्ड हे ओळखपत्र नाही, ते घरी राहिलं तरी चालतं. भारतीय पासपोर्ट चालतो! कॉमनवेल्थ देशाचा कुठलाही चालतो, मुदत संपलेला असला तरी चेहरा ओळखू आला म्हणजे झालं. ऑफिसचं आयडी घेऊन गेला तर मात्र परत पाठवतील. केंद्र सकाळी ७ ते रात्री १० उघडं असतं, मतदान गुरुवारीच, सुट्टीबिट्टी कुणाला नाही.

आता तुम्ही काळजीत आहात म्हणून माझ्या पहिल्या मतदानाचं सांगते, २००७ चं. आमच्या व्हिलेज हॉलमध्ये, जिथे एरवी म्हाताऱ्यांचे पत्ते चालतात, तिथे दोन टेबलं, एका टेबलाशी लोकरीचा स्वेटर घातलेली बाई, तिच्यासमोर यादी, पट्टी आणि पेन्सिल. नाव विचारलं, पत्ता विचारला, पट्टी सरकवून माझ्या नावावर रेघ मारली, मतपत्रिका दिली. प्लायवूडच्या खोक्यात दोरीला बांधलेली पेन्सिल, तिने फुली मारायची. शिक्का नाही, मशीन नाही, बाहेर पोलीस नाही, एक कुत्रा मात्र होता, मालक आत येईपर्यंत दाराशी बसलेला. मी घडी पेटीत टाकली आणि सवयीने डाव्या हाताचं बोट त्या बाईपुढे धरलं. शाईसाठी. ती बघतच राहिली, मग तिला वाटलं मला काहीतरी लागलंय, टेबलाखालून फर्स्ट एडचा डबा काढला आणि बोटाला चिकटवायची पट्टी शोधायला लागली. मीही इतकी गोंधळले की गप्प उभी राहून ती पट्टी लावून घेतली. घरी आल्यावर हे विचारतात काय झालं, म्हटलं मतदान झालं.

आम्ही लीड्समधून नॉर्थ यॉर्कशरच्या एका गावात घर घेतलं. काउन्सिल टॅक्सच्या बिलावर तीनचार ओळी आहेत, कोणाचं काय ते कळत नाही. घरासमोर हा एवढा खड्डा आहे, तो कुणाला सांगायचा? आणि आमचा काउन्सिलर राहतो पंचवीस किलोमीटरवर, असं कसं?

खड्डा नॉर्थ यॉर्कशर काउन्सिलला, संपलं. पॅरिशला सांगू नका, मीसुद्धा पहिल्या वर्षी आमच्या पॅरिशच्या क्लर्कबाईंना फोन करून रस्त्याबद्दल बोलत होते, त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, आमच्याकडे बसथांब्याचं शेड आहे, दोन बाकं आहेत आणि स्मशानभूमीच्या गवताचं कंत्राट आहे, यातलं काही हवं असेल तर सांगा.

पण तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग खरा आहे, त्यावर जरा बसून बोलू. मार्च २०२३ पर्यंत आमच्याकडे तीन मजले होते. वर काउंटी (रस्ते, शाळा, म्हाताऱ्यांची देखभाल, वाचनालयं), मधे डिस्ट्रिक्ट (कचरा, घरं, टॅक्सची वसुली) आणि खाली पॅरिश. काउंटीत असे सात डिस्ट्रिक्ट होते, आमचा रिचमंडशर, त्याला २४ सदस्य. १ एप्रिल २०२३ ला हे सातही बरखास्त झाले आणि काउंटीत विरघळले, आता एकच काउन्सिल, ९० सदस्य. सरकार म्हणालं पैसे वाचतील आणि लोकांचा गोंधळ कमी होईल. गोंधळ खरंच कमी झाला, हे मान्य करायला पाहिजे, आधी कचऱ्याच्या डब्याला एक नंबर आणि रस्त्यावरच्या दिव्याला दुसरा. तुमच्या बिलावरच्या ओळी म्हणजे हे काउन्सिल, त्यातच म्हाताऱ्यांच्या देखभालीची वेगळी दाखवलेली रक्कम, पोलीस आणि फायर ज्या २०२४ पासून यॉर्क आणि नॉर्थ यॉर्कशरच्या निवडून दिलेल्या मेयरकडे गेल्या, आणि सगळ्यात खाली बारीक आकडा पॅरिशचा.

आता हिशेब करा. नॉर्थ यॉर्कशर काउन्सिलचा इलाखा आठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपला रत्नागिरी जिल्हा धरा. रत्नागिरीत २०११ ला सोळा लाख माणसं होती, इथे २०२१ च्या जनगणनेत सव्वासहा लाखाच्याही थोडी कमी. म्हणजे साधारण सात हजार माणसांमागे एक सदस्य. ऐकायला चांगलं वाटतं ना, आपल्या झेडपीच्या मेंबरामागे तर कितीतरी जास्त लोक असतात. पण आपल्याकडे त्याच्या खाली पंचायत समिती आहे, त्याच्या खाली ग्रामपंचायत आहे आणि ग्रामपंचायतीच्या खात्यात वित्त आयोगाचा पैसा थेट येतो, सरपंचाला दारात गाठून भांडता येतं. इथे मधला मजलाच पाडला आणि तळमजल्यावर बाकं आणि गवत.

वॉर्डांच्या हद्दी कोण ठरवतं, तर एक स्वतंत्र बाउंड्री कमिशन आहे, सगळ्या पक्षांच्या बाहेरचं, ते तीन गोष्टी बघतं: प्रत्येक सदस्यामागे मतदार साधारण सारखे असावेत, एकमेकांशी नातं असलेली गावं एकत्र राहावीत आणि कारभार सोयीचा व्हावा. कागदावर उत्तम. पण शहरात दोन गल्ल्यांत जेवढे मतदार मिळतात तेवढे गोळा करायला डेल्समध्ये दोन दऱ्या लागतात. अपर डेल्स म्हणून वॉर्ड आहे (सरकारी भाषेत डिव्हिजन), त्यात वेन्स्लीडेलचा वरचा भाग आणि पलीकडचं स्वेलडेल, आणि मधे बटरटब्सचा घाट, जो बर्फ पडलं की बंद. एकच सदस्य. मत सारखं, पण रस्ता सारखा नाही. तुमचा काउन्सिलर पंचवीस किलोमीटरवर म्हणताय ना, तर तुम्ही नशीबवान.

आणि अजून एक, जे घर घेताना एजंट सांगत नाही. तुमचं गाव नॅशनल पार्कच्या हद्दीत असेल तर खिडकी बदलायची, शेड बांधायची परवानगी काउन्सिल देतच नाही, पार्कचं प्राधिकरण देतं. त्याचे सभासद काउन्सिलांकडून, पॅरिशांकडून आणि लंडनच्या मंत्र्याकडून नेमलेले असतात, त्यातला एकही तुम्ही त्या कामासाठी मत देऊन पाठवलेला नसतो. मला स्वतःला हे पटत नाही. पण शेजारचा मेंढपाळ म्हणतो की निवडून दिलेले असते तर आतापर्यंत अख्ख्या दरीत हॉलिडे कॉटेज झाली असती, आणि तो चूक आहे असंही छातीठोक म्हणवत नाही.

अर्जच कमी आले म्हणजे काय? बिनविरोध निवडणूक ही तर चांगली गोष्ट, आमच्याकडे बिनविरोध झाली की गावाचं कौतुक होतं, पेपरात फोटो येतो. तुम्ही तक्रारीच्या सुरात का लिहिलं? (निवृत्त ग्रामसेवक, सातारा जिल्हा)

भाऊसाहेब, तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. कारण शब्द एकच, बिनविरोध, पण गोष्ट दोन गावची. आपल्याकडे बिनविरोध म्हणजे दहा जण इच्छुक असतात, मग देवळात बैठक, कुणाची समजूत, कुणाला पुढच्या वेळचा शब्द, आणि कधीकधी चक्क लिलाव. २०२१ च्या सुरुवातीला राज्य निवडणूक आयोगाने नाशिकच्या उमराण्याची आणि नंदुरबारच्या खोंडामळीची निवडणूक लिलाव झाला म्हणून रद्द केली होती, तुम्हाला आठवत असेलच. म्हणजे तिथे खुर्चीला भाव आहे. इथे खुर्ची फुकट आहे तरी कुणी बसायला तयार नाही.

नियम असा. पॅरिश काउन्सिलला कमीत कमी पाच सदस्य लागतात, आमच्याकडे सात जागा. दर चार वर्षांनी अर्ज मागवतात, जागांपेक्षा अर्ज जास्त आले तरच मतदान. सात जागांना पाच अर्ज आले की पाचही आपोआप निवडून आले, आणि उरलेल्या दोन जागा त्या पाच जणांनी माणसं शोधून भरायच्या, त्याला को-ऑप्ट करणं म्हणतात. आणि मधेच कुणी वारलं, गाव सोडून गेलं, तर बोर्डावर नोटीस लागते, १४ कामाच्या दिवसांत १० मतदारांनी लेखी मागणी केली तर पोटनिवडणूक, नाहीतर परत को-ऑप्ट. आमच्या गावात दहा सह्या कधीच झालेल्या नाहीत. नोटीस लागते पोस्टाच्या लाल पेटीशेजारच्या काचेच्या बोर्डात, आतून बाष्प धरलेलं, शेजारी योगा क्लासची जाहिरात आणि हरवलेल्या मांजराचा फोटो.

मी कशी गेले, तर अशीच. २०१४ मध्ये पब्लिक म्हणून बैठकीला जाऊन बसले होते, मुलांच्या झोपाळ्याबद्दल विचारायला. पब्लिक मी एकटीच. चाळीस मिनिटं कुत्र्याच्या घाणीच्या डब्यावर चर्चा झाली, तो चर्चच्या फाटकाजवळ हवा की नदीच्या पायवाटेजवळ, आणि तो रिकामा करायचे पैसे कोण देणार. मी एकदा बोलले, की फाटकाजवळ ठेवला तर अंत्ययात्रेला येणाऱ्यांना पहिलं दर्शन त्याचं. एकदम शांतता. बैठक संपल्यावर अध्यक्ष, मोठे शेतकरी, माझ्याकडे आले, हवेबद्दल बोलले, पावसाबद्दल बोलले आणि म्हणाले एक जागा सात महिने रिकामी आहे. पुढच्या महिन्यात पाच हात वर झाले आणि मी सदस्य. या गावातल्या एकाही माणसाने मला आजवर मत दिलेलं नाही, आणि मी त्यांची प्रतिनिधी म्हणून अकरा अकरा पानांचे प्लॅनिंगचे कागद वाचते. डबा पायवाटेजवळ आहे.

तक्रारीचा सूर म्हणालात, तर तक्रार ही आहे. निवडणूक नाही म्हणजे कुणी दारात येत नाही, कुणी विचारत नाही की झोपाळा हवा का बस हवी, आणि मग पॅरिशवर कोण बसतं, तर ज्याच्याकडे संध्याकाळ मोकळी आहे तो. म्हणजे निवृत्त लोक, जुने शेतकरी आणि शहरातून आलेले निवृत्त साहेब. भाड्याच्या घरात राहणारी, दोन नोकऱ्या करणारी पोरं तिथे दिसत नाहीत. मानधन बहुतेक ठिकाणी शून्य, त्यामुळे खाण्यासारखंही काही नाही, हा एक फायदा धरा.

सेकंड होमवाल्यांचं वेगळंच. ज्याचं लीड्सला घर आहे आणि इथेही आहे, आणि दोन्हीकडे तो खरंच राहतो असं नोंदणी अधिकाऱ्याला पटलं, तर त्याला दोन्हीकडच्या काउन्सिलांना मत देता येतं, ते कायदेशीर आहे (पार्लमेंटला मात्र एकदाच). नुसतं घर नावावर असून चालत नाही. आपल्या कोकणात मुंबईचे चाकरमानी ग्रामपंचायतीला मत द्यायला एसटी भरून यायचे, त्याची मला दरवेळी आठवण येते, फक्त आपल्याकडे नाव एकाच ठिकाणी ठेवायचा कायदा आहे. आणि चाकरमानी निदान गणपतीला तरी येतो.

थोडं मागचं सांगते, कारण तुम्ही ग्रामसेवक होता. पॅरिश हा मूळ चर्चचा शब्द, गावचा कारभार चर्चच्या खोलीत जमीनदार आणि पाद्री बघायचे. १८९४ च्या कायद्याने तो चर्चपासून काढून निवडून दिलेल्या काउन्सिलकडे दिला, पहिल्या निवडणुका त्याच वर्षी डिसेंबरात, गावच्या सभेत हात वर करून. शेतमजूर आपल्या मालकासमोर हात वर करणार, काय हिंमत लागत असेल बघा. बायकांनाही तेव्हाच उभं राहता आलं, पार्लमेंटच्या मताच्या कितीतरी आधी. अजून एक गोष्ट उरलीय ती म्हणजे वार्षिक पॅरिश मीटिंग, १ मार्च ते १ जूनच्या मधे घ्यावीच लागते, गावचा कुठलाही मतदार येऊन बोलू शकतो. आपली ग्रामसभाच. आमच्याकडे मागच्या वेळी चहा आणि केक ठेवला तेव्हा एकोणीस जण आले, त्याआधी केक नव्हता तेव्हा चार.

मतं सारखी पडली तर तिथे काय करतात? आमच्या ऑफिसात पैज लागलीय.

चिठ्ठी. किंवा नाणं, किंवा काडी, निवडणूक अधिकारी ठरवेल ते. २०१७ मध्ये आमच्या उत्तरेला नॉर्थम्बरलँडमध्ये साउथ ब्लाइथ वॉर्डात कॉन्झर्व्हेटिव्ह आणि लिबरल डेमोक्रॅट दोघांना ३५६ मतं पडली, परत मोजली तरी तेवढीच, शेवटी काड्या काढल्या आणि लिबरल डेमोक्रॅट बाई जिंकल्या. त्या एका काडीमुळे कॉन्झर्व्हेटिव्हांचं ६७ जणांच्या काउन्सिलमधलं बहुमत एका जागेने हुकलं. आणि त्याच वर्षी मुंबईत २२० नंबरच्या वॉर्डात भाजपचे अतुल शहा आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर यांची मतं सारखी निघाली तेव्हा पण चिठ्ठीच काढली होती, शहा जिंकले. पैज कोण जिंकलं ते कळवा.

तिथे महिलांना किती टक्के आरक्षण असतं? (विद्यार्थिनी, कोल्हापूर)

शून्य. महिलांना नाही, कुणालाच नाही. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत हे मी आमच्या पॅरिशमध्ये सांगितलं तर त्यांना वाटलं मी चुकीचा आकडा सांगतेय, दोनदा विचारलं. मग त्यांनी विचारलं की बायका खरंच काम करतात का नवरे करतात, म्हणजे प्रश्न तोच जो आपल्याकडे पारावर विचारतात. मी म्हटलं दोन्ही असतं, पण खुर्चीवर बसलेली बाई दुसऱ्या टर्मला नवऱ्याला बाहेर बसवते अशीही उदाहरणं मी पाहिलीत. सरपंचासारखं थेट निवडून दिलेलं पदही पॅरिशला नाही, दर मे महिन्यात सदस्यच आपल्यातून अध्यक्ष निवडतात.

आम्ही केंटमध्ये खेड्यात राहतो. मे २०२५ ला काउंटीत रिफॉर्मवाले (इमिग्रेशनला विरोध करणारा पक्ष) निवडून आले. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसती घबराट आहे. काउन्सिल आम्हाला काय करू शकते?

ग्रुप थोडे दिवस म्यूट करा. व्हिसा, इमिग्रेशन यातलं काहीही काउंटी काउन्सिलच्या हातात नाही, मग ती कुणाचीही असो. तिच्या हातात रस्ते, शाळांच्या बस, म्हाताऱ्यांची देखभाल आणि वाचनालयं, आणि त्यावर लक्ष ठेवा, तिथे कात्री लागली तर तुम्हाला आणि तुमच्या इंग्रज शेजाऱ्याला सारखीच लागेल. आकडा मात्र बघण्यासारखा आहे. केंटमध्ये त्या निवडणुकीत ८१ पैकी ५७ जागा त्यांना मिळाल्या, मतं निम्म्याहून बरीच कमी. कारण जास्त मतं त्याची जागा, आपल्यासारखंच, चारपाच उमेदवारांत मतं फुटली की तिसऱ्या हिश्श्यावरही माणूस निवडून येतो. ही काही रिफॉर्मची युक्ती नाही, आधी वर्षानुवर्षं ग्रामीण काउंट्यांमध्ये कॉन्झर्व्हेटिव्हांना हाच फायदा व्हायचा, तेव्हा ते तक्रार करत नव्हते. स्कॉटलंडने २००७ पासून काउन्सिलला पसंतीक्रमाची पद्धत आणली, तिथे मतपत्रिकेवर एक दोन तीन लिहितात. इंग्लंड अजून फुलीवर आहे.

ताई, मी कंब्रियातल्या एका गावात चार वर्षं राहतेय, एका खाजगी केअर होममध्ये काम करते. मागच्या वर्षी आयएलआर (इथे कायम राहायची परवानगी) मिळालं, पासपोर्ट भारताचाच. आमच्या पॅरिशची निवडणूक आली की उभं राहावं असं मनात आहे, पण माझं इंग्रजी, माझा उच्चार, लोक काय म्हणतील. नवरा म्हणतो कशाला नसती ब्याद.

नवऱ्याला हे पान वाचायला द्या. तुम्ही उभ्या राहू शकता. मत द्यायला कुठलाही चालू व्हिसा पुरतो पण उभं राहायला कॉमनवेल्थ नागरिकाला इंग्लंडमध्ये आयएलआर लागतं, ते तुमच्याकडे आहे. वय १८ पूर्ण पाहिजे, आणि मतदार यादीत नाव किंवा बारा महिने त्या गावात राहणं किंवा मुख्य काम तिथे असणं, यातलं एक काहीतरी (पॅरिशला तर हद्दीपासून ४.८ किलोमीटरच्या आत राहिलेलं पण चालतं). ज्या काउन्सिलला उभं राहायचं तिच्याच पगारावर असलात तर नाही चालत, तुमचं केअर होम खाजगी आहे तेव्हा तो प्रश्न नाही. डिपॉझिट नाही, एक पैसा नाही. अर्जावर दोनच सह्या लागतात, एक प्रस्तावक आणि एक अनुमोदक, दोघं त्याच गावच्या यादीतले. घरचा पत्ता छापून यायला नको असेल तर तसं सांगता येतं. निवडून आलात तर एका कागदावर सही करायची, राजाची शपथबिपथ काही नसते.

उच्चाराचं म्हणाल तर आमच्या अध्यक्षांचं यॉर्कशर इंग्रजी मला पहिली दोन वर्षं कळत नव्हतं, आणि लंडनहून आलेल्या साहेबांनाही कळत नव्हतं, ते दर वेळी माझ्याकडे बघायचे, मी काय सांगणार! तुम्ही दिवसभर त्याच गावच्या आजीआजोबांना अंघोळ घालता, त्यांना तुमचं इंग्रजी समजतं की नाही. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या मुलांना तुमचं नाव माहीत आहे. एवढी ओळख शहरातल्या उमेदवाराला पत्रकं वाटून मिळत नाही.

मतदान व्हायची वेळ आलीच, म्हणजे अर्ज जागांपेक्षा जास्त आले, तर दारोदार जावं लागेल. पॅरिशला बहुतेक जण पक्षाशिवाय उभे राहतात, तसंच राहा. पत्रक एकच काढा, अर्धं पान, मोठ्या अक्षरात, तुम्ही कुठे राहता आणि कुठल्या दोन गोष्टी करून घेणार. खाली छापणाऱ्याचं आणि काढणाऱ्याचं नाव पत्ता टाकायचा, तो कायदा आहे, विसरलात तर विरोधक लगेच दाखवून देईल. शेतावर गेलात तर फाटक जसं होतं तसंच सोडायचं, बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं. यात चुकलात तर त्या घरातलं मत गेलंच, शेजारच्या शेतातलं पण गेलं. पत्रपेटीत बोटं आत घालू नका, पलीकडे कुत्रा असतो, लाकडी पळीने कागद आत ढकलायचा, मी अजून तेच करते, पळी गाडीतच असते. संध्याकाळी सहाला जाऊ नका, जेवायची वेळ. आणि कुणी दार उघडून म्हणालं की तुम्ही मूळच्या कुठल्या, तर सरळ सांगा, मग विचारा की त्यांच्या पायवाटेवरचं फाटक कधीपासून मोडलंय. पुढची दहा मिनिटं तेच बोलतात.

शेवटचं, अर्ज पोस्टाने किंवा मेलने घेत नाहीत. कुणीतरी हातात नेऊन द्यावा लागतो, मतदानाच्या आधी १९ व्या कामाच्या दिवशी दुपारी चारपर्यंत, चार वाजून एक मिनिटाला गेलात तर परत पाठवतील. तुमच्याकडून ऑफिस गावापासून लांब असेल, बस दिवसाला दोनच असतील, तर आदल्या दिवशीच जाऊन या. आमच्याकडे २०२२ मध्ये सहावा अर्ज खरं म्हणजे भरलेला होता, तो माणूस ट्रॅक्टरच्या मागे अडकला.